गुडघा

शालिमारच्या लॅबचे रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर असतात.
रक्त, थायरॉईड, साखर जेवणाआधीची आणि नंतरची.
संध्याकाळी सहानंतर निम्मं नाशिक एकदम मोबाईल उघडतं
आणि पडद्यावर ते गोल चाक फिरत राहतं.

मार्चमध्ये मी कॅशला दोन जीबी दिले.
चारातले दोन.
नवरीच्या मामाने पंगतीत जिलबी वाढावी तसे,
ताटावर आडवा हात धरला तरी.
सोमवारी सहा दहाला सर्व्हरला धाप लागली:
कचरा उचलायला थांबला, उचलून झाला, पुन्हा थांबला,
शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमनेच त्याची मान मुरगळली.
लॉगमध्ये एक ओळ. मेमरी संपली, मारला.

मग घाबरून चौसष्ट एमबी.
आता डेटाबेस कण्हायला लागला,
जे आत्ताच काढून दिलं तेच परत काढा, परत द्या,
तळघरातून जिने चढून.
डॉक्टर गायधनी फोनवर म्हणाले,
रॅम घ्या की हो विकत, किती लागते?
मी म्हणाले, सांगते. मला माहीत नव्हतं.

वसीम कोकणी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो.
त्याने खारी चहात बुडवली आणि म्हणाला,
गंगापूरमधून पाणी सोडलं की क्युसेक कोण विचारतं?
विचारतात, दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?
गुडघ्याला, कमरेला, छातीला.
तसं मोज.
खारी तुटून कपात पडली. ती त्याने चमच्याने खाल्ली.

तर मोजलं. नऊ संध्याकाळी आणि त्यांच्या रात्री.
शंभर मागण्यांतल्या हाताशीच सापडल्या किती:
बत्तीसला एकेचाळीस,
चौसष्टला अठ्ठावन्न,
दोनशे छप्पन्नला सत्त्याऐंशी,
तीनशे चौऱ्याऐंशीला एक्याण्णव,
आणि त्याच्या दुप्पट दिलं तर ब्याण्णव.
एवढा मोठा घास, आणि एक.
आलेख जिथे वाकतो त्या जागेला पुस्तकातही गुडघाच म्हणतात.
मी वसीमला सांगितलं नाही, तो महिनाभर मिरवला असता.

पण आकडे मोजताना आकड्यांच्या मागचं दिसतं.
रिपोर्ट क्रमांक २०९१७.
आठव्या रात्री एक चार ते तीन बारा,
एकेचाळीस वेळा उघडला.
कधी चार मिनिटांनी, कधी बारा सेकंदांनी.
त्यात काय होतं ते मी पाहिलं नाही.
पाहता येतं. पाहिलं नाही.
कॅशला तर कळतही नाही, तिला एवढंच ठाऊक:
हे आत्ताच कुणीतरी मागितलं, जवळ ठेवा;
ज्याला सगळ्यात जास्त वेळ कुणी विचारलं नाही
ते आधी बाहेर.
तीन बारानंतर त्याला कुणी विचारलं नाही.

एका ओळीत खिळा मारून ठेवता येतं अशा नोंदीला,
कितीही गर्दी होवो, हलायची नाही.
ती ओळ मी लिहिली.
मग वसीम विचारेल, हा एकच का,
आणि माझ्याकडे उत्तर म्हणून नुसती वेळ असेल, तीन बारा.
ओळ पुसली.

पहाटे उपाशीपोटीवाल्यांची रांग सुरू झाली,
नवे रिपोर्ट आत आले,
सहा छत्तीसला २०९१७ बाहेर गेला.
बाहेर म्हणजे तळघरात. हरवला नाही.

सात पन्नासला पुन्हा मागणी आली.
हाताशी नव्हता. शोधावा लागला.
पाऊण सेकंद.

कॉलेज रोडवर दूधवाल्याची बाईक थांबली होती, इंजिन चालू.
मी सेटिंगमध्ये तीनशे चौऱ्याऐंशी लिहिलं,
जतन केलं,
आणि त्या पाऊण सेकंदाकडे पाहत बसले,
कुणाचा तरी अंगठा
काचेच्या जरा वर.